फ्लॅटमधल्या खोलीत बेस गिटारचं रेकॉर्डिंग: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

घोडबंदर रोडला किंवा नेरूळ-खारघरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने घरी रेकॉर्डिंग करायचं मनात आणलं की पहिली शंका येते ती बाहेरच्या आवाजाची. खाली रिक्षांचे हॉर्न, समोर बांधकाम, शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर, गणपतीत आणि नवरात्रात ढोल-ताशा. गायकाला किंवा तबलजीला ही अडचण खरीच आहे, कारण त्यांचा आवाज माइकमधून जातो आणि माइक खोलीतलं सगळंच ऐकतो. बेस गिटारचं तसं नाही. तार थरथरली की तारांखाली बसवलेल्या पिकअपमधल्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती वायरमधून थेट कॉम्प्युटरपर्यंत जाते. या वाटेत हवा कुठेच येत नाही. खाली विसर्जनाची मिरवणूक चालली असली तरी तुमच्या फाइलमध्ये तिचा मागमूस नसतो. रात्री उशिरा हेडफोन लावून वाजवलंत तर शेजारच्या खोलीत फार तर तारांची बारीक टकटक जाईल.

याला कमअस्सल पद्धत समजू नका. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन यांचा बेस ॲम्पसमोर माइक न ठेवता थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये घेतला जात असे. बेसवादक ज्या ध्वनिमुद्रणांचा आजही अभ्यास करतात त्यांतली कितीतरी अशीच झाली आहेत.

खोलीचा त्रास होतो तो नंतर, म्हणजे वाजवलेलं ऐकताना. छोट्या खोलीत स्पीकरवर ऐकू येणारा बेस विश्वासाचा नसतो. त्यामुळे या लेखात पैशांचा आणि मेहनतीचा क्रम नेहमीच्या याद्यांपेक्षा वेगळा लागला आहे: आधी वाद्य, मग वायर आणि इंटरफेस (बेस कॉम्प्युटरला जोडणारा डबा), मग कान, म्हणजे हेडफोन. भिंती सगळ्यात शेवटी.

पैसे कुठे घालायचे

बेस आणि बऱ्यापैकी लॅपटॉप हाताशी आहे असं धरून चालतो. त्यापुढे तीन वस्तू लागतात. पहिली ऑडिओ इंटरफेस. गिटारची वायर ज्यात जाते आणि यूएसबीने जो लॅपटॉपला जोडतात तो डबा. साधारण चार-पाच हजारांपासून तो मिळतो; बेहरिंगर यूएम२ किंवा एम-ऑडिओ एम-ट्रॅक सोलो या वर्गातले. फोकसराइट स्कार्लेट सोलो त्याच्या दुप्पट किंवा जास्त किमतीला जातो. दुसरी वस्तू हेडफोन: कान पूर्ण झाकणारे, मागून बंद आणि वायरचे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स साधारण चार-पाच हजारांच्या आसपास असतो आणि सुरुवातीला पुरेसा आहे. ब्लूटूथचे हेडफोन कितीही महागडे असले तरी या कामाला चालत नाहीत. तार छेडल्यावर आवाज इतका मागाहून येतो की लय सुटते. तिसरी वस्तू तीन मीटरची चांगली इन्स्ट्रुमेंट केबल. दहा-पंधरा हजारांत हे सगळं बसतं. किमती हलत असतात, म्हणून निघण्याआधी दोन-तीन ठिकाणी पाहून घ्या.

इंटरफेस, कंडेन्सर माइक आणि हेडफोन एकत्र असलेले संच दुकानात आग्रहाने दाखवले जातात. फक्त बेससाठी त्यातला माइक धूळ खात पडतो. तेवढे पैसे हेडफोनमध्ये घाला. लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी मिळणारी हसण्या-टाळ्यांच्या बटणांची 'साउंड कार्ड' तर अजिबात घेऊ नका. गिटारच्या पिकअपला हवं तसं इनपुट त्यांत बहुधा नसतं. स्टुडिओ मॉनिटर स्पीकर सध्या नकोत. कारण पुढे येतंच आहे.

वस्तू हातात घेऊन पाहायची असेल तर सीएसएमटीला उतरून धोबी तलावच्या फुर्टाडोजपर्यंत चालत जाता येतं. जॅक, कनेक्टर, शिल्डेड वायर आणि सोल्डरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. दादरला पश्चिम रेल्वेची गाडी पकडून ग्रँट रोडला उतरायचं. सोल्डरिंग येत असेल तर दोन चांगले जॅक आणि शिल्डेड वायर आणून केबल घरीच करा, स्वस्तही पडते आणि बिघडली तर दुरुस्तही करता येते. जुना इंटरफेस कुणाकडून घेत असाल तर आपला बेस, केबल आणि हेडफोन सोबत न्या. प्रत्येक नॉब शेवटपर्यंत फिरवून खरखर येते का ऐका, यूएसबीची वायर किंचित हलवून जोडणी तुटते का पाहा, आणि तुमच्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीसाठी त्याचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला तो ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) अजून मिळतो का हे कंपनीच्या साइटवर आधीच तपासा. ड्रायव्हर नसलेला इंटरफेस फुकट मिळाला तरी उपयोगाचा नाही.

आधी बेस जागेवर आणा

नवीन मुलं इथेच घाई करतात. सेटअप न केलेल्या, म्हणजे सूर आणि नेक जागेवर न आणलेल्या बेसवर कुठलंही प्लगइन (आवाज बदलणारं छोटं सॉफ्टवेअर) लावा, काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि काय ते कळत नाही.

चार तारांच्या बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झला, ए ५५ ला, डी ७३ ला आणि जी ९८ हर्ट्झला असते. इतक्या खालच्या स्वरांत सूर किंचित हलला तर आपल्या कानाला तो बेसूर म्हणून चटकन जाणवत नाही. वर गायक किंवा पेटी आली की मात्र सगळं गाणंच ढेपाळल्यासारखं वाटतं. म्हणून ट्यूनर डोळ्यांसमोर हवा. खुली तार जुळवल्यावर बाराव्या फ्रेटवर दाबून तोच स्वर वरच्या सप्तकात बरोबर येतो का पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो छोटा तुकडा, मागे घ्या, उतरत असेल तर पुढे आणा. प्रत्येक वेळी तार पुन्हा जुळवून मगच तपासा.

मग नेक. पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला जिथे मिळते तिथला फ्रेट, असे दोन्ही एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. साधारण एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट ठीक. तार तिथे टेकलेलीच असेल तर फ्रेट खरखरणार. बोट जाईल एवढं अंतर असेल तर वाजवताना हात दमणार. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक बदलणारी आतली सळई, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि हात कापत असेल तर पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्या, शेजारी उभं राहून पाहा.

आपल्याकडे हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की लाकूड फुगतं, नेकचा बाक बदलतो, आणि मे महिन्यात सुरेख वाजणारा बेस जुलैत अवघड वाटायला लागतो. पावसाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा नेक तपासायची सवय ठेवा. बेस खिडकीजवळ उभा ठेवू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. घामाने आणि दमट हवेने तारा गंजतात, त्यांची चमक जाते. खोलीत एसी लावला असेल तर तो चालू करून अर्धा तास जाऊ द्या, मग जुळवा. थंड होताना सूर सरकतो.

तारा नव्या की जुन्या, हे गाण्यावर ठरवा. फंक किंवा स्लॅप वाजवायचं असेल तर नव्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) हव्यातच. भावगीत, अभंग, जुन्या ढंगाचं चित्रपटसंगीत यांना वाजवून थोड्या मवाळ झालेल्या तारा किंवा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) जास्त शोभतात. जेमरसनही फ्लॅटवाउंडच वापरत.

बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा. जॅक घातलेला असेपर्यंत बॅटरी संपत राहते. टेकच्या, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगच्या, मध्येच आवाज चिरकायला लागला तर पहिला संशय बॅटरीवर घ्या.

वायर जोडणं आणि एक छोटं बटण

इंटरफेसवर 'इन्स्ट', 'हाय-झी' किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण वा इनपुट असतं. बेस तिथेच जायला हवा. साध्या पॅसिव्ह पिकअपमधून येणारा संकेत नाजूक असतो. लाइन इनपुटचा रोध साधारण दहा-वीस हजार ओहमच्या घरात असतो. एवढ्या कमी रोधावर पिकअप दबतो, वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे बारीक स्वर) मरतात आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो. इन्स्ट इनपुटचा रोध साधारण दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम असतो. तिथे पिकअपला ओझं वाटत नाही. 'माझा बेस रेकॉर्डिंगमध्ये मिळमिळीत येतो' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा हे एक बटण असतं.

आता गेन, म्हणजे इंटरफेसमध्ये संकेत किती वाढवायचा ते. गाण्यात जिथे सगळ्यात जोरात वाजवणार आहात तो भाग त्याच जोराने वाजवा आणि मीटर बघा. सर्वांत उंच उडी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये आली की थांबा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. डिजिटलमध्ये फुटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पातळी थोडी खाली राहिली म्हणून काही बिघडत नाही. स्वस्तातले काही इंटरफेस १६ बिटचे असतात, त्यांवर मात्र उणे ६ च्या जवळ राहा. ॲक्टिव्ह बेस गेन शून्यावर असतानाही लाल दिवा पेटवत असेल तर बेसचा व्हॉल्यूम थोडा खाली घ्या किंवा त्याच्यापुरतं इन्स्ट बटण बंद करून लाइनवर पाहा. ॲक्टिव्ह बेसला तेवढं चालतं.

घूं घूं कुठून येते

बेसवाल्यांचा खरा शत्रू हा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० ला आणि त्याच्या पटीत १००, १५० ला येते. आता बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झला आहे आणि चौथ्या फ्रेटचा जी शार्प, म्हणजे आपली काळी चार, ५२ ला. गुणगुण बरोबर या दोन स्वरांच्या मध्ये बसलेली आहे. ईक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारं साधन) लावून ती कापायला जाल तर तुमचे स्वरही कापले जातील. गायकाच्या ट्रॅकमधून गुणगुण काढता येते, बेसमधून काढताना बेसच पातळ होतो. ती मुळातच येऊ द्यायची नाही.

शोध एका वेळी एकच गोष्ट बदलून घ्या. पहिलं काम, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. चार्जरमुळे येणारा आवाज असेल तर तो तिथेच थांबतो. यूएसबीवर चालणारा इंटरफेसही लॅपटॉपच्याच बॅटरीवर जातो. यामुळे महावितरणची लाइट गेली तरी टेक चालू राहतो. दुसरं, तारांना हात लावा. हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते बहुतेक बेसमध्ये नेहमीचंच आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर बेसच्या आतली अर्थची वायर सुटली आहे का ते पाहा. तिसरं, खुर्चीत बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज कमी होतो, दुसऱ्या दिशेला वाढतो, म्हणजे पिकअप हवेतलं क्षेत्र पकडतोय. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, मोबाइल, टीव्ही एकेक करून बंद करा. आत कुणी मिक्सर लावला असेल तर पाच मिनिटं थांबा. खुर्चीची जी दिशा शांत, तीच तुमची रेकॉर्डिंगची दिशा.

फेंडरच्या जॅझ बेस या प्रकाराला दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की त्यांची गुणगुण एकमेकींना मारते. एक जरी कमी केला की परत येते. फेंडरच्याच प्रिसिजन बेसच्या दुभागलेल्या पिकअपला हा त्रास जवळजवळ नसतो. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप असाच आहे. गजबजलेल्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या, अजून बेस न घेतलेल्या माणसाला मी आधी प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपचा बेस बघायला सांगेन. यामाहाच्या टीआरबीएक्स१७४ सारख्या बेसवर प्रिसिजन आणि जॅझ असे दोन्ही पिकअप मिळतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन कापणं, तिच्यावर टेप लावणं किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या ॲडॅप्टरमध्ये घालणं, हे कुणीही सुचवलं तरी करू नका. बेसच्या तारा तुमच्या बोटांत असतात आणि त्या थेट अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियन बोलावून घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत ते नावापुरतंच जोडलेलं आढळतं.

खोलीबद्दल, थोडं गणित

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बेसच्या खुल्या ई तारेच्या स्वराची एक लाट त्यामुळे ८ मीटरहून लांब असते. तुमच्या बेडरूमपेक्षा कितीतरी मोठी. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जेव्हा बरोबर अर्धी लाट बसते तेव्हा तो स्वर खोली स्वतःच फुगवते. १० फुटांच्या खोलीत हे ५६ हर्ट्झच्या आसपास होतं, म्हणजे खुल्या ए तारेच्या अगदी शेजारी. १२ फुटांच्या बाजूला ४७ हर्ट्झ, म्हणजे ई तारेवर दुसऱ्या फ्रेटचा एफ शार्प. आपल्या फ्लॅटमधल्या बेडरूम बहुतेक याच मापांच्या. त्यामुळे स्पीकरवर ऐकताना काही स्वर गडगडतात, काही गायब होतात. पटत नसेल तर स्पीकरवर ५६ हर्ट्झचा साधा सूर लावा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालत जा. भिंतीजवळ तो छातीत जाणवेल, खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होईल.

दोन इंचांचा फोम किंवा अंड्यांचे ट्रे यावर काहीही करत नाहीत. ते वरचा खणखणाट थोडा कमी करतात, एवढंच. इतक्या लांब लाटा शोषायला फूट-दीड फूट जाडीचा भराव लागतो आणि तो मावायला खोली लागते. म्हणून सुरुवातीला निर्णय हेडफोनवर घ्या. मग तीच फाइल फोनच्या स्पीकरवर, घरच्या टीव्हीवर आणि एखाद्याच्या गाडीत ऐका. चारही ठिकाणी बेस कळतो का, एवढंच पाहायचं.

स्पीकर किंवा ॲम्प लावायचाच असेल तर वेळ पाहून लावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बेसचा आवाज भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त जातो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना गाणं ऐकू येत नाही, फक्त धपधप ऐकू येते, आणि ती जास्त त्रासदायक असते.

सॉफ्टवेअर आणि उशीर

मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. विंडोजवर मी रीपर सुचवेन: साठ दिवस पूर्ण मोफत वापरून पाहता येतं, वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. इंटरफेससोबत एबलटन लाइव्ह लाइट मिळालं असेल तर तेही पुरे. ऑडॅसिटी मोफत आहे, साधं रेकॉर्ड करायला चांगलं आहे, पण वाजवताना स्वतःला प्लगइनमधून ऐकण्यासाठी ते सोयीचं नाही.

नवीन प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर उघडा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर निवडा. तो नसेल तर एएसआयओ४ऑल मोफत मिळतो. मग बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे नेतो ते माप. १२८ सॅम्पलच्या बफरला एका बाजूचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७. जाण्या-येण्याचा मिळून त्याच्या दुप्पट, वर थोडा आणखी. १२८ ला लॅपटॉप तडतडत असेल तर २५६ करा. तरीही जमत नसेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा. मग बेस कॉम्प्युटरच्या फेऱ्याशिवाय सरळ कानात येतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येईल.

वायफाय, ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब बंद. मग टेम्पो ठरवा आणि दोन बारचा काउंट-इन ठेवा.

टेक

ट्रॅकवर बेस कोराच रेकॉर्ड करा. ऐकताना ॲम्पचं प्लगइन लावलंत तरी चालेल, पण फाइलमध्ये जाणारा आवाज थेट तारेचाच हवा. उद्या गाण्याचा रंग बदलला तर त्याच वाजवण्यावर दुसरा आवाज चढवता येतो.

पेटीबरोबर किंवा मराठी गायकाबरोबर काम करताना पट्टी आधी विचारून घ्या. काळी एकचा षड्ज बेसवर ए तारेच्या चौथ्या फ्रेटला सापडतो, काळी पाचचा ए तारेच्या पहिल्या फ्रेटला. ट्रॅकवर पेटी आधीच वाजवून झालेली असेल तर तिचा ए खरंच ४४० ला आहे का तपासा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढ्या असतात. ट्यूनरमधला आधारस्वर पेटीला जुळवून घ्या आणि मग बेस लावा. पेटी बदलत नाही, बेसलाच बदलावं लागतं.

वाजवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. उजव्या हाताची जागा: पिकअपवरून वाजवता की नेककडे सरकून, यावर आवाज कुठल्याही ईक्यूपेक्षा जास्त बदलतो, म्हणून एका गाण्यात एका भागासाठी एकच जागा धरा. न वाजणाऱ्या तारा: अंगठा आणि डाव्या हाताची मोकळी बोटं त्यांवर टेकलेली हवीत, नाहीतर मागे सतत एक खालचा घुमारा राहतो जो हेडफोनमध्ये कळत नाही आणि मिक्समध्ये सगळं गढूळ करतो. आणि स्वर कधी थांबतो. नवशिका स्वर कधी सुरू होतो याचीच काळजी करतो. गाणं डोलतं ते स्वर कुठे सोडला यावर. किक ड्रम किंवा डग्ग्याबरोबर समेवर उतरताना स्वर किती लांब ठेवायचा हे आधी तोंडाने म्हणून पाहा, मग वाजवा. स्वतः म्हणून बघितलेला बेस वेगळाच वाजतो, हे मला प्रत्येक नव्या मुलाच्या बाबतीत दिसलं आहे.

थोडं हलक्या हाताने वाजवा आणि गेन वाढवा. फार जोरात छेडलं की स्वर सुरुवातीला चढा होतो आणि मग खाली येतो, शिवाय तार फ्रेटवर आपटते.

पूर्ण गाण्याचे सलग टेक घ्या, प्रत्येक टेकनंतर सूर तपासा, मग चांगले भाग जोडा. एखाद्या बारसाठी पंच करायचं, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड करायचा असेल तर त्याच्या दोन बार आधीपासून वाजवत या. स्वराच्या मध्येच जोड दिलात तर टक् आवाज येतो. जोड स्वराच्या अगदी सुरुवातीच्या आधी ठेवा आणि छोटा क्रॉसफेड (एक भाग विरताना दुसरा चढवणं) द्या.

आवाज घडवणं

इथे कमीत कमी करा. ३० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढून टाका. पाच तारांच्या बेसचा खुला बी मात्र ३१ ला असतो, तेव्हा तिथे फिल्टर आणखी खाली न्या. कॉम्प्रेसर (मोठे स्वर दाबणारं साधन) ४ ला १, अटॅक (दाबायला घेतलेला वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा पहिला ठोका तसाच सुटतो आणि मागचा स्वर समान होतो. मोठ्या स्वरांवर ३ ते ६ डेसिबल दाबला जाईल इतपत थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) ठेवा. २००-३०० हर्ट्झला गाळ वाटला तर दोन-तीन डेसिबल कमी करा. ७०० ते १,००० च्या पट्ट्यात थोडं वाढवलं की बोटं आणि स्वर स्पष्ट होतात.

आता फोनचा प्रश्न. आपले बहुतेक श्रोते गाणं फोनवर ऐकणार, आणि फोनच्या स्पीकरमधून ४१ किंवा ५५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. तरीही चांगला बेस फोनवर कळतो, कारण वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू खालचा मूळ स्वर भरून काढतो. म्हणजे वरचे स्वरांश असायला हवेत. बेसच्या ट्रॅकची एक प्रत करा, तिच्यावर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं प्लगइन) लावा, २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा आणि मूळ ट्रॅकच्या मागे हळूहळू वाढवत आणा. फोनवर बेसची चाल कळायला लागली की थांबा. वेगळं ऐकताना ती प्रत कर्कश वाटते, पण मिक्समध्ये ती शोधूनही सापडू नये इतकी मागे राहते. यासाठी मोफत प्लगइन पुरतात: टीएसईचं बीओडी, इग्नाइट ॲम्प्सचं एसएचबी-१, किंवा न्यूरल ॲम्प मॉडेलर.

डग्गा, ढोलकीची धूम किंवा ढोल असलेल्या गाण्यात बेसने सगळा तळ व्यापू नये. डग्ग्याला मींड असते, घिस्सा असतो. त्याच्याखाली बेसचा लांबच लांब स्वर ठेवला की दोन्ही बुडतात. अशा ठिकाणी ईक्यूकडे जाण्याआधी वाजवणं बदला: स्वर आखूड करा, किंवा डग्गा बोलतो तिथे गप्प राहा.

फाइल पाठवताना

संगीत संयोजकाला किंवा मित्राला फाइल द्यायची तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह (.wav) द्या. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होते, चार मिनिटांचं गाणं ३५ च्या आसपास. जीमेलला ते जोडता येत नाही, ड्राइव्हवर टाका. व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. बेस दुसऱ्या कडव्यापासून सुरू होत असला तरी फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच सुरू करा, पुढच्याला ती सरळ ओढून लावता येते. कोरा ट्रॅक आणि तुम्ही घडवलेला ट्रॅक, दोन्ही द्या. नावात गाणं, टेम्पो, पट्टी आणि टेकचा क्रमांक हवा.

पाठवण्याआधी ती फाइल एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टाकून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. शेवटचा स्वर पूर्ण विरायच्या आधी कापला गेलाय का ते खास पाहा. एक्स्पोर्ट करताना शेवटचे दोन सेकंद राहून जाणं फार वेळा होतं. मग प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर लॅपटॉपशिवाय आणखी एका डिस्कवर उतरवून ठेवा.